दुसरा सूर धरताना

देवळातल्या आरतीत किंवा सहलीच्या बसमध्ये सगळे एकच चाल म्हणत असतात, तोवर कोणाचे काही अडत नाही. अडते ते शेजारच्याने वेगळा सूर धरल्यावर. आपण आपल्या सुरावर राहायचे ठरवलेले असते, पण दोन ओळी होतात न होतात तोच नकळत त्याच्या सुरावर जाऊन बसतो. कोरसमध्ये गाऊ पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचे असे होते आणि त्यावरून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात, 'आपल्याला कानच नाही.' हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्यावर केला जाणारा उपाय, म्हणजे जोर लावून गाणे, हा तर घशाला महागात पडतो.

दुसरा सूर धरण्याची ही कला कशी येते, हे पाहायला अमेरिकेतील ब्लूज संगीत सोयीचे आहे. त्याचा साचा लहान आहे, सूर मोजके आहेत आणि मुख्य गायकाच्या मागे उभे राहून साथ देणाऱ्या आवाजांना त्यात मान आहे. मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून भरत आलेल्या ब्लूज महोत्सवामुळे हे संगीत आपल्याकडच्या श्रोत्यांनाही आता अगदी अनोळखी राहिलेले नाही. ही साथ शिकताना घशापेक्षा कानाला आणि मेंदूला अधिक काम पडते, आणि ते काम कोणत्याही वयात शिकता येते.

हाक आणि उत्तर

ब्लूजचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरच्या काळात, आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये झाला. कापसाच्या शेतातल्या हाका, कामावरची गाणी आणि चर्चमधले समूहगायन हे त्याचे झरे. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, ही रीत या सगळ्यांत होती. शाहीर आणि त्याचे झीलकरी पाहिलेल्या मराठी श्रोत्याला ती परकी वाटणार नाही. फरक इतकाच की झीलकरी बहुधा शाहिराचाच सूर उचलून धरतात. तिकडे मात्र उत्तर देणारे तिघे एकाच वेळी तीन वेगळ्या सुरांवर असू शकतात. याला हार्मनी म्हणतात. आपल्या देशात गोव्याचा मांडो अशाच दोन आवाजांत गायला जातो.

ब्लूजचा प्रचलित साचा १२ बारचा असतो. एका बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे एक आवर्तन ४८ मात्रांचे. त्यात गीताच्या तीन ओळी बसतात, त्यातली दुसरी बहुधा पहिलीचीच पुनरुक्ती असते. प्रत्येक ओळीच्या वाट्याला ४ बार येतात, पण शब्द साधारण पहिल्या दोनांत संपतात. उरलेली जागा उत्तरासाठी, मग ते गिटारने द्यावे किंवा मागच्या गायकांनी. रे चार्ल्स यांचे १९५९ मधले 'व्हॉट्ड आय से' हे गाणे याचे प्रसिद्ध उदाहरण. एका कार्यक्रमात ठरलेली गाणी संपली आणि वेळ उरला, तेव्हा त्यांनी आयत्या वेळी वाद्यांवर एक धून सुरू केली आणि मागच्या गायिकांना, मी जे म्हणेन ते तुम्ही परत म्हणा, असे सांगितले. त्या गायिकांचा, म्हणजे रेलेट्सचा, या गाण्याच्या यशात मोठा वाटा आहे.

हार्मनी शिकायला संगीत विद्यालय लागतेच असे नाही. रोबक 'पॉप्स' स्टेपल्स यांचा जन्म १९१४ मध्ये मिसिसिपीत झाला. तिथल्या कापसाच्या मळ्यांत त्यांनी ब्लूज गिटार ऐकली आणि तिथेच ते ती वाजवायला शिकले. पुढे ते शिकागोला गेले, मजुरी करू लागले आणि एका भक्तिगीत मंडळात गाऊ लागले. मंडळातले लोक सरावाला वेळेवर येईनात. वैतागून ते घरी आले, त्यांनी मुलांना जमिनीवर गोल बसवले आणि लहानपणी आपण भावंडे जे वेगवेगळे सूर धरत होतो ते एकेका मुलाला वाटून दिले. प्रत्येकाला एकच सूरवाट, तीही गिटारवर ऐकवून. १९४८ मध्ये हे कुटुंब चर्चमध्ये गाऊ लागले आणि 'स्टेपल सिंगर्स' म्हणून जगभर पोचले. त्यातल्या मेव्हिस या मुलीचा आवाज इतका खर्जातला होता की १९५६ च्या ध्वनिमुद्रिकेवर तो ऐकून तो पुरुषाचा असावा असे अनेकांना वाटले. वडिलांना पुढे १९९५ मध्ये ब्लूज गटातले ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

त्यांच्या पद्धतीत तीन गोष्टी होत्या. प्रत्येकाला आपली वाट आधी स्वतंत्रपणे पाठ होती, ती रोज ऐकायला मिळत होती आणि सगळे एकमेकांच्या इतके जवळ बसत होते की प्रत्येक आवाज कानावर पडत होता. मेंदूविज्ञान आज जे सांगते, त्याच्याशी हे नेमके जुळते.

मेंदूचा ओढा वरच्या सुराकडे

दोन सूर एकाच वेळी कानावर आले की मेंदूला ते आधी वेगळे करावे लागतात. गर्दीत एकाचेच बोलणे ऐकताना जी क्षमता वापरली जाते, तीच इथे कामाला येते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातले अल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९० मध्ये यावर एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. कानावर पडणाऱ्या एकाच गोंगाटातून मेंदू आवाजाचे वेगवेगळे प्रवाह कसे विणतो, हा त्याचा विषय. एकाच लयीत, एकाच शब्दांत आणि जवळच्या सुरांत गाणारे दोन आवाज वेगळे करणे मेंदूला सर्वांत जड जाते. कोरसमध्ये तर हेच करायचे असते.

त्यातच मेंदूची आणखी एक आवड आड येते. कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठातील लॉरेल ट्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे, की दोन सुरावटी एकत्र ऐकवल्या तर वरच्या सुरावटीतला बदल मेंदू अधिक चटकन टिपतो. ही ओढ अवघ्या काही महिन्यांच्या बाळांतही दिसते, आणि तिचे मूळ काही अंशी कानाच्या आतल्या शंखाकृती भागाच्या रचनेतच असावे. याचा अर्थ, मधला किंवा खालचा सूर धरणारा माणूस मुळातच उताराच्या उलट दिशेने चालत असतो. त्याचा सूर घसरला, तर तो कान नसल्याचा पुरावा ठरत नाही.

सूर खरोखरच न कळणारी माणसे असतात, पण थोडी. जन्मजात सुरांधत्वाचे प्रमाण पूर्वी ४ टक्के मानले जाई. मॉन्ट्रियलच्या इझाबेल पेरेट्झ यांच्या २०१७ मधल्या मोठ्या पाहणीत ते सुमारे १.५ टक्के निघाले. बफेलो विद्यापीठाचे पीटर फोर्डरेशर यांनी बेसूर गाणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना सुरांतला फरक व्यवस्थित ऐकू येत होता. अडचण होती ती ऐकलेला सूर गळ्यातून काढण्यात, म्हणजे कान आणि स्वरयंत्राच्या समन्वयात. समन्वय सरावाने सुधारतो. शाळेत कोणीतरी 'तू फक्त ओठ हलव' म्हटल्यामुळे जन्मभर गप्प राहिलेल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सूर जुळतो म्हणजे काय?

समजा सा २२० हर्ट्झचा आहे, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला २२० वेळा उघडतात आणि मिटतात. त्याच्याशी नैसर्गिकरीत्या जुळणारा शुद्ध गंधार २७५ हर्ट्झचा आणि पंचम ३३० हर्ट्झचा. सा, ग, प यांचे हे प्रमाण ४:५:६ असे साधे आहे, म्हणून त्यांच्या लहरी ठरावीक अंतराने एकमेकींवर येऊन बसतात आणि कानाला ते गोड लागते. दोन जण २२० आणि २२३ हर्ट्झवर गाऊ लागले, तर आवाज सेकंदाला ३ वेळा कमीजास्त होत थरथरतो. तंबोरा लावणारा हीच थरथर ऐकत खुंटी पिळतो आणि ती थांबली की हात काढतो. हार्मनीतला गायक तेच गळ्याने करतो.

पेटीचा किंवा पियानोचा गंधार या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे २ हर्ट्झ चढा असतो. चांगले कोरसगायक वाद्य नसताना आपोआप नैसर्गिक गंधाराकडे येतात. ब्लूजचा मुख्य गायक मात्र मुद्दाम कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेवर रेंगाळतो. ब्लूजची ती खास हुरहूर तिथूनच येते. श्रुती ऐकून माहीत असलेल्या कानाला ही जागा लवकर सापडते. साथ करणाऱ्याने या वळणामागे धावू नये. मागचे सूर स्थिर असतात, म्हणूनच पुढच्याचे हेलकावे ऐकू येतात.

ऐकू आले नाही की घसा ओरडतो

आपण गातो तेव्हा मेंदू आपला आवाज ऐकून तो सतत दुरुस्त करत असतो. हेडफोनमधून एखाद्याला त्याचाच आवाज किंचित चढवून ऐकवला, तर साधारण १०० ते १५० मिलिसेकंदांत त्याचा गळा सूर खाली आणू लागतो. त्याला त्याचा पत्ताही नसतो. ही यंत्रणा चालण्यासाठी स्वतःचा आवाज ऐकू येणे आवश्यक आहे. स्वीडनचे स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी समूहगायकांना विचारून मोजले, तेव्हा त्यांना स्वतःचा आवाज इतरांच्या आवाजापेक्षा सरासरी सुमारे ६ डेसिबल मोठा ऐकू येणे सोयीचे वाटत होते.

ड्रम आणि गिटारचा स्पीकर शेजारी असला की हे गणित बिघडते. भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. फ्रान्सचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एतियन लोंबार यांनी ही प्रतिक्रिया १९११ मध्ये नोंदवली. गायकाचेही तेच होते. तो ताकद लावतो, मान आवळतो, स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटू लागतात. २२० हर्ट्झवर हे आपटणे मिनिटाला १३,२०० वेळा होते. आठवड्यामागून आठवडे असे चालले, तर तंतूंच्या कडेवर सूज येते आणि पुढे छोट्या गाठी धरतात. आवाज घोगरा होतो, वरचे सूर फाटतात, आणि ते काढण्यासाठी माणूस आणखी जोर लावतो.

ब्लूजमध्ये दुसरा मोह असतो तो खरखरीत आवाजाचा. हाऊलिन वुल्फसारख्या गायकाची गुरगुर ऐकून नवशिके घसा खरवडू लागतात. अशी गुरगुर कसबी गायक बहुधा खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या भागातील पडद्यांना कंप देऊन काढतात. ते तंत्र जाणकारासमोर बसूनच शिकावे. मागच्या आवाजांना तर त्याची गरजच नसते. मुख्य गायकाच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास एक झळाळी असते आणि तिच्यामुळे तो वाद्यांच्या वर उठून दिसतो. कोरसमध्ये गाताना गायक ती झळाळी कमी करतात आणि स्वरांचे उच्चार एकमेकांशी जुळवतात. तिघांचा 'आ' एकाच आकाराच्या तोंडातून आला की तीन आवाज एक होतात. कमी जोर लावून अधिक परिणाम साधणारे हे गाणे आहे.

सुरुवात कशी करावी?

पहिले दोन आठवडे फक्त तंबोऱ्याशी गावे. मोबाइलवरचा तंबोराही चालेल. सा चालू ठेवून पंचम लावावा आणि थरथर थांबेपर्यंत धरावा. मग गंधार. दिवसाला १५ ते २० मिनिटे पुरेत.

त्यानंतर १२ बारचा साचा. पहिले ४ बार सा-ग-प हा स्वरसमूह, मग २ बार म-ध-सा, पुन्हा २ बार सा-ग-प, एक बार प-नी-रे, एक बार म-ध-सा आणि शेवटचे २ बार पुन्हा सा-ग-प. नवशिक्यासाठी सर्वांत सोपी वाट म्हणजे पहिले ८ बार सा धरून ठेवणे, नवव्या बारला रे वर जाणे आणि दहाव्याला परत सा वर येणे. संपूर्ण आवर्तनात एकदाच हलायचे. ही वाट पक्की झाली की दुसरी घ्यावी. सा-ग-प चालू असताना शुद्ध ग, म-ध-सा आल्यावर कोमल ग, नवव्या बारला म, दहाव्याला कोमल ग आणि शेवटी पुन्हा शुद्ध ग. पहिल्या समूहावरून दुसऱ्यावर जाताना सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. एवढ्याशा हालचालीने गाण्याचा रंग बदलतो आणि ब्लूज ओळखू येऊ लागतो.

आपली वाट चालताना, टाळ्या वाजवताना, भांडी घासताना म्हणता येईल इतकी मुरू द्यावी. ती आपसूक येऊ लागली की मेंदूचे लक्ष ऐकण्यासाठी मोकळे होते. मगच मुख्य चालीची ध्वनिफीत अगदी हळू आवाजात लावावी आणि रोज थोडा थोडा आवाज वाढवावा. सूर घसरला तर ध्वनिफीत बारीक करावी, स्वतःचा आवाज वाढवू नये. एका कानावर अलगद तळवा ठेवल्यास हाडांतून येणारा आपला आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो. शास्त्रीय गायकही कानाशी हात नेतात तो यासाठीच. मोबाइलवर मुद्रण करून ऐकावे. गाताना जाणवत नाहीत त्या चुका तिथे लगेच सापडतात.

फायदा किती, सावधगिरी कोणती?

समूहाने गाण्याबद्दल बरेच दावे केले जातात. त्यांतले काही पाहण्यासारखे आहेत. गॉथेनबर्गच्या ब्योर्न विकहॉफ यांनी २०१३ मध्ये दाखवले, की एकत्र गाताना श्वास एकाच वेळी घेतला जातो आणि त्यामुळे गायकांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी कमीजास्त होऊ लागतात. सीओपीडी या जुनाट फुप्फुसविकाराच्या रुग्णांसाठी गाणे सुरक्षित असल्याचे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले, पण त्यात फक्त तीन लहान अभ्यास होते. तेव्हा गाणे हे औषधाची जागा घेणारे नव्हे. श्वासावर ताबा, माणसांत मिसळणे आणि एकाग्रता हे लाभ मात्र कोणालाही मिळू शकतात.

कानांची काळजी तितकीच महत्त्वाची. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सुरक्षित मानला जातो. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते. बँडसोबत सराव करताना कानात बोळे घालावेत. स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी स्पीकर आपल्या दिशेने वळवून घ्यावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी तंत्रज्ञाकडून संगीतासाठीची वेगळी मांडणी करून घ्यावी. बोलणे स्पष्ट करणारी नेहमीची मांडणी सूर विस्कटते.

सर्दीत घसा बसला असेल तर गाऊ नये. कुजबुजणे ही विश्रांती नव्हे, त्यानेही ताण येतो. दम्याचे स्टेरॉइडयुक्त पंप वापरणाऱ्यांनी नंतर चूळ भरावी. पित्त वर येत असेल तर रात्रीचे जेवण लवकर उरकावे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर वरचे सूर लागेनासे झाले, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. स्वरतंतू ताणणारी चेता त्या ग्रंथीला अगदी लागून जाते.

आणि एक गोष्ट गाणाऱ्याने आणि न गाणाऱ्यानेही विसरू नये. आवाजातला घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्यावे. तंबाखू, विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याने तर एक दिवसही पुढे ढकलू नये. स्वरतंतूंवरचा कर्करोग सुरुवातीलाच आवाज बदलतो, म्हणून तो लवकर सापडू शकतो आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. 'गाण्याच्या सरावाने घसा बसला असेल' म्हणून काढलेले दोन-तीन महिने इथे फार मोलाचे असतात. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात ही तपासणी होते. तिला काही मिनिटे लागतात.